अठरा लढाऊ विमानं उडती ठेवायला माणसं किती, सुटे भाग किती? हिशेब कुठे चुकतो आणि कसा मांडायचा

प्रश्न पुण्यातल्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचा आहे. १८ लढाऊ विमानांची स्क्वॉड्रन धरली आणि त्यातली ७५ टक्के कधीही उडायला तयार हवी असतील, तर देखभालीला किती माणसं, किती सुटे भाग, किती साधनं लागतील? त्याने दर उड्डाण-तासाला लागणारे मॅन-अवर (एका माणसाचं तासभराचं काम म्हणजे एक मॅन-अवर) घेतले, महिन्याच्या उड्डाण-तासांनी गुणले, एका माणसाच्या महिन्याच्या १७६ तासांनी भागले. उत्तर आलं २४ माणसं. गाइडनी वही परत केली.

गाइडचं बरोबर आहे. गुणाकार चुकलेला नाही, पण विमान जमिनीवर खिळून राहतं ते मुख्यतः कामामुळे नाही, वाट पाहण्यामुळे. माणसाची वाट, भागाची वाट, हँगरमधल्या जागेची वाट, सही करणाऱ्याची वाट. सरासरीच्या भागाकारात यातलं काहीच दिसत नाही.

हिशेब आकड्यांनीच करू. खालचे आकडे समजावण्यासाठी धरलेले आहेत, कुठल्याही खऱ्या स्क्वॉड्रनचे नाहीत. खरे आकडे कुलपात असतात आणि तिथेच बरे.

दर विमानाला महिन्याला १५ तास म्हणजे एकूण २७० तास. सॉर्टी म्हणजे एका विमानाचं एक उड्डाण. सरासरी सॉर्टी सव्वा तासाची, म्हणजे २१६ सॉर्टी. उड्डाणाचे दिवस २०, म्हणजे दिवसाला साधारण ११.

आता काम चार पिशव्यांत घाला. पहिली पिशवी सॉर्टीमागच्या कामाची: उड्डाणाआधीची तपासणी, टर्नअराउंड (दोन उड्डाणांमधली तयारी), इंधन, ऑक्सिजन, टायरचा दाब, ब्रेक पॅराशूट पुन्हा भरणं, उतरल्यावरची तपासणी. सॉर्टीमागे ८ मॅन-अवर, एकूण १,७२८. दुसरी पिशवी तासांवर येणाऱ्या तपासण्यांची: दर १०० तासांना एक, २५० मॅन-अवरची. महिन्याला २.७ येतात, म्हणजे ६७५. तिसरी कॅलेंडरची. विमान उडो न उडो, गंज, सील, काडतुसं, बॅटऱ्या पाहाव्याच लागतात. विमानामागे महिन्याला ६०, एकूण १,०८०. चौथी पिशवी अचानक येणाऱ्या स्नॅगची, म्हणजे बिघाडांची. पाचातली एक सॉर्टी विमान खाली बसवणारा स्नॅग घेऊन येते असं धरा. महिन्याला ४३ स्नॅग, प्रत्येकी १० मॅन-अवर, म्हणजे ४३२. बारीकसारीक १०८ स्नॅग, प्रत्येकी ३, म्हणजे ३२४. सगळी बेरीज ४,२३९. उड्डाणाच्या तासामागे १५.७ मॅन-अवर.

पहिली चूक भागाकारात होते. १७६ तास हा कागदावरचा माणूस. रजा, कोर्स, गार्ड ड्युटी, परेड, आजारपण वजा केलं की हजर राहतो ६५ टक्के, म्हणजे ११४ तास. हजर असलेला माणूसही पूर्ण वेळ विमानाला हात लावून नसतो. टूल काढणं आणि मोजून परत देणं, फॉर्म ७०० (विमानाची नोंदवही) भरणं, ट्रॅक्टर येईपर्यंत थांबणं, दुसऱ्या ट्रेडचं काम संपायची वाट पाहणं. प्रत्यक्ष काम त्यातलं ६० टक्के धरा. उरले ६८.६ तास. ४,२३९ भागिले ६८.६, म्हणजे ६१.८, धरा ६२. चोवीसची बासष्ट झाली आणि अजून एकही जादा माणूस मागितलेला नाही.

हजेरीचा ६५ टक्के हा आकडाही वर्षभर सारखा नसतो. पुण्यातल्या लोहगावसारख्या हवाई दलाच्या तळावर माणसं सगळ्या देशातून आलेली असतात. मे महिन्यात मुलांच्या शाळा बंद, तेव्हा सगळ्यांनाच गावी जायचं असतं. पुढे कुणाला ओणम, कुणाला दिवाळी, कुणाला छठ. रजेचं वेळापत्रक घेऊन महिन्यागणिक हजेरी मांडा. वार्षिक सरासरीवर काढलेला आकडा मे महिन्यात हमखास तोंडघशी पाडतो.

दुसरी चूक, बासष्ट माणसं म्हणजे एकच ढीग समजणं. इंजिनवाला रडार उघडत नाही आणि रडारवाला इजेक्शन सीटला हात लावत नाही; लावूच नये. एअरफ्रेम, इंजिन, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंट, इलेक्ट्रॉनिक्स, वेपन असे ट्रेड वेगळे काढा आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा करा. इजेक्शन सीटचंच पाहा. समजा तिचं काम महिन्याला ११० मॅन-अवर आहे. ६८.६ ने भागलं की १.६ माणसं. पण सीटवर काम करताना पात्र माणसं दोन हवीत, एक करणारा आणि एक स्वतंत्रपणे तपासणारा. शिफ्ट दोन, म्हणजे रोज चार जागा. चारला ०.६५ ने भागा: ६.१५, म्हणजे सात माणसं. कामाच्या हिशेबाने दोन, किमान टोळीच्या हिशेबाने सात. छोट्या ट्रेडमध्ये आकडा नेहमी ही किमान टोळी ठरवते, काम नाही. सगळ्या ट्रेडची अशी बेरीज केली की बासष्टची सत्तरी ओलांडते. शिवाय नवा मुलगा अर्ध्या वेगाने काम करतो आणि जुन्याचाही थोडा वेळ खातो. सही करायचा अधिकार किती जणांना आहे हे वेगळं मोजा. रात्री नऊला विमान दुरुस्त होऊन उभं असतं आणि सही करणारा सकाळी सातला येणार असतो, तर ते दहा तास विमान नादुरुस्तच धरायचं.

तिसरी चूक चढउतार विसरण्याची. दिवसाला ११ सॉर्टी आणि पाचात एक स्नॅग, म्हणजे रोज सरासरी २.२. पण शक्यतेचं गणित करा: ज्या दिवशी पाच किंवा जास्त विमानं बसतात असा दिवस ५ टक्के वेळा येतो, म्हणजे २० उड्डाण-दिवसांतून एकदा. तो दिवस टाळता येत नाही. त्या दिवशी किती विमानं रात्रीतून उभी करायची, हे ठरवल्याशिवाय रात्रपाळीची संख्या ठरत नाही.

कामाचा वेळही असाच वाकडा असतो. स्नॅग दुरुस्तीची सरासरी ४ तास धरली, तर बहुतेक वेळा मध्यक (अर्धी कामं ज्याच्या आत संपतात तो वेळ) २.५ च्या आसपास असतो आणि वीसातलं एक काम १२ तासांच्या वर जातं. हायड्रॉलिक पंप बदलण्याचं काम जवळून पाहा म्हणजे कारण कळेल. दाब उतरवायचा, पाइप सोडून तोंडं झाकायची, पंप काढायचा, सील नवीन घालायचे, नवा पंप बसवायचा, लाइनमधली हवा काढायची, ग्राउंड रिगने दाब देऊन गळती पाहायची, मग इंजिन रन. काढणं-घालणं पटकन होतं. हवा काढणं आणि गळतीची तपासणी यात वेळ जातो. हे झालं साधं काम. पण पंप आतून झिजून गेला असेल तर त्याने धातूचा कीस पुढच्या सगळ्या लाइनमध्ये फेकलेला असतो. मग फिल्टर बदला, तेलाचा नमुना तपासायला पाठवा, सिस्टिम धुवा, पुन्हा नमुना घ्या. चार तासांचं काम दोन दिवसांवर जातं. सरासरीत या दोन्ही गोष्टी कालवल्या जातात, म्हणून मॉडेलमध्ये एक आकडा न देता विखुरलेली वेळ द्यायची. लॉगनॉर्मल वक्र, म्हणजे एका बाजूला लांब शेपूट असलेला वक्र, बऱ्यापैकी बसतो.

आता सुटे भाग. इथे सगळ्यात जास्त विमानं अडकतात, म्हणून थोडं थांबू.

तोच पंप. एका विमानावर २, सरासरी ६०० तासांना एक उतरवावा लागतो. महिन्याची मागणी २७० गुणिले २ भागिले ६००, म्हणजे ०.९. उतरवलेला पंप दुरुस्तीला जाऊन परत कोठारात यायला ४ महिने लागतात. म्हणजे कोणत्याही दिवशी सरासरी ३.६ पंप वाटेत किंवा दुरुस्तीत असतात. विद्यार्थी म्हणतो, चार जादा पंप ठेवले की झालं. नाही झालं. ही संख्या प्वासाँ नियमाने (एकमेकांशी संबंध नसलेल्या, अचानक घडणाऱ्या गोष्टी मोजायचा शक्यतेचा नियम) वरखाली होते आणि ३.६ सरासरीला ती चारच्या वर जाण्याची शक्यता २९ टक्के आहे. म्हणजे वर्षातले साडेतीन महिने कुठलं तरी विमान फक्त या एका पंपासाठी उभं. सरासरीने बोलायचं तर ०.५७ विमान कायमचं खाली. सहा पंप ठेवले तर ही शक्यता ७ टक्क्यांवर येते, सात ठेवले तर ३ वर.

पण दुसरी वाट पाहा. पंप चारच ठेवा आणि दुरुस्तीची फेरी ४ महिन्यांवरून २ वर आणा. वाटेतली सरासरी १.८ होते आणि चार पंप ९६ टक्के वेळा पुरतात. तीन जादा पंप विकत घेण्याइतका परिणाम, नुसती फेरी आखूड करून. फेरीचे चार महिने सुटे करून बघा, त्यातले प्रत्यक्ष बाकावरचे, म्हणजे दुरुस्तीच्या टेबलावरचे, दिवस थोडेच निघतात. बाकीचे पॅकिंग, गाडी भरेपर्यंत थांबणं, कागद, लहान सीलची वाट, टेस्ट बेंचची रांग. म्हणून फेरीचे तुकडे तारखांनिशी मिळवा. नुसता 'रिपेअर टाइम' मागितला तर तुम्हाला बाकावरचे दिवस सांगतात आणि हिशेब फसतो.

या गणिताचा पाया १९३८ सालचं कॉनी पाम यांचं प्रमेय आहे, टेलिफोनच्या कामातून आलेलं. त्यावर क्रेग शेरब्रुक यांनी १९६८ मध्ये 'मेट्रिक' नावाचं मॉडेल मांडलं: ठरलेल्या पैशात कोणता भाग कुठे किती ठेवावा. कल्पना सोपी आहे. पुढचा प्रत्येक रुपया अशा भागावर घाला, जो त्या रुपयाला सगळ्यात जास्त विमान-दिवस परत देतो. महागडं रडार मॉड्यूल मागे पडतं आणि स्वस्त व्हॉल्व्ह पुढे येतो, हे पाहून लोक चमकतात. पण विमान दोघांसाठीही सारखंच थांबतं.

इंजिनांचं प्रकरण जरा वेगळं. लोहगावच्या सुखोई-३० एमकेआयला दोन एएल-३१एफपी इंजिनं असतात. त्यांचं ओव्हरहॉल (पूर्ण खोलून दुरुस्ती) दर १००० तासांनी, ते होतं ओडिशात कोरापुटला. विमानाचं ओव्हरहॉल आपल्या नाशिकजवळच्या ओझरला. आपल्या धरलेल्या २७० तासांना हा आकडा लावला तर महिन्याला ०.५४ इंजिन नुसतं तास भरून उतरणार. फेरी दहा महिन्यांची धरली तर ५.४ इंजिनं कायम बाहेर. हे झालं वेळापत्रकाचं. बिघाडाने उतरणारी वेगळी, आणि त्यांना प्वासाँ डोळे झाकून लावू नका. मार्च २०१५ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी संसदेत सांगितलं होतं की सुखोईच्या इंजिन-बिघाडाच्या ६९ प्रकरणांपैकी ३३ बेअरिंगची, ११ कंपनांची आणि ८ तेलाच्या कमी दाबाची होती. जवळजवळ अर्धे बिघाड एकाच मुळाचे. असं असतं तेव्हा बिघाड सुटे सुटे येत नाहीत, एका बॅचची इंजिनं एकामागून एक उतरतात. मॉडेलमध्ये असा एक 'वाईट सहामाही'चा प्रसंग मुद्दाम घालून पाहावा.

दुसरा घोळ, एका वेळी आलेली विमानं एका वेळी म्हातारी होतात. त्यावर उपाय स्टॅगर चार्ट. विमानं उरलेल्या तासांच्या क्रमाने एका तिरप्या रेषेवर लावायची, आणि ज्याचे तास रेषेवरच्या आपल्या जागेपेक्षा जास्त शिल्लक त्याला जास्त, ज्याचे कमी त्याला कमी उडवायचं, म्हणजे तपासणीच्या दारात ती एकेक करून येतात. हे न करण्याची किंमत मोजता येते. शंभर तासांची तपासणी सहा कामाचे दिवस घेते, हँगरमध्ये जागा एकच. महिन्याला २.७ गुणिले ६, म्हणजे १६.२ दिवस, २२ पैकी ७४ टक्के वापर. कागदावर आरामात बसतं. पण विमानं जशी येतील तशी आली तर रांगेच्या सूत्राप्रमाणे सरासरी थांबणं निघतं ८.४ दिवस. सहा दिवसांच्या कामासाठी साडेआठ दिवसांची रांग! स्टॅगर नीट असेल तर ती रांग जवळपास शून्यावर येते, तेही एक रुपया न घालता. दुसरी जागा बांधायचा प्रस्ताव लिहिण्याआधी स्टॅगर चार्ट मागवा.

साधनांचा हिशेब सरासरीवर नाही, लाटेवर करायचा. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे आणि तीच नागरी विमानंही वापरतात, त्यामुळे लढाऊ उड्डाणं दिवसभर सारखी पसरत नाहीत, ठरलेल्या वेळेत झुंडीने निघतात. (विमाननगरात राहणाऱ्याला हे वेळापत्रक न विचारता कळतं.) सहा विमानं पंधरा मिनिटांत सुरू करायची आणि प्रत्येकाला ग्राउंड पॉवरची गाडी वीस मिनिटं लागते, तर गाड्या सहाच हव्यात, एक दुरुस्तीत, एक राखीव, म्हणजे आठ. दिवसाच्या सरासरीने एक पुरली असती. ट्रॅक्टर, नायट्रोजन ट्रॉली, ऑक्सिजन गाडी यांचंही तसंच. हायड्रॉलिक रिग आणि टेस्ट बेंच मात्र लाटेवर नाही, रांगेवर ठरतात.

आता सगळं विमानांच्या संख्येत आणा. नियम साधा: किती वेळा होतं गुणिले किती वेळ टिकतं. ४३ स्नॅग, संध्याकाळी सापडून दुसऱ्या दिवशी मोकळे होईपर्यंत घड्याळाचे १४ तास: ०.८४ विमान. तपासण्या २.७, कॅलेंडरचे ८ दिवस: ०.७२. या ४३ पैकी १५ टक्के स्नॅगना भाग कोठारात नाही, सरासरी १२ दिवस थांबणं: २.६. एकूण ४.१६ विमानं खाली, उरली १३.८, म्हणजे ७७ टक्के. जमलं. पण स्टॅगर बिघडला आणि तपासणीपुढे साडेआठ कामाचे, म्हणजे कॅलेंडरचे साडेअकरा दिवस रांग लागली, तर आणखी १.०३ विमान गेलं: ७१ टक्के. माणसं तेवढीच, भाग तेवढेच, उद्दिष्ट हुकलं. २.६ च्या मागे काय आहे तेही पाहा: वरच्या पंपासारखे, प्रत्येकी ०.५७ विमान अडवणारे साडेचार भाग, बस.

भाग नसला की एका विमानाचा काढून दुसऱ्याला लावायचा मोह होतो आणि कधीकधी दुसरा इलाजही नसतो. पण काम दुप्पट होतं: खराब काढा, चांगला काढा, चांगला घाला, नवा आला की दात्या विमानात घाला. दोनाऐवजी चार कामं, शिवाय दोनदा हाताळलेला कनेक्टर, दोनदा सोडलेला पाइप. आणि महिनाभर दाता राहिलेलं विमान पुन्हा उभं करताना किती नवे स्नॅग निघतात, ते विचारू नका. मॉडेलमध्ये याचे मॅन-अवर वेगळे धरले नाहीत तर माणसं कमी पडतात आणि कारण सापडत नाही.

माहिती गोळा करताना काही खड्डे ठरलेले. उतरवलेला प्रत्येक भाग खराब नसतो. बाकावर गेल्यावर त्यातले कित्येक ठीक निघतात. मागणी मोजताना ते धरायचे, कारण विमान थांबलंच. दुरुस्तीचा वेळ मोजताना वेगळे काढायचे. दात्या विमानातून काढलेले भाग बिघाड म्हणून मोजले गेले असतील तर वगळा. मॅन-अवरच्या नोंदी २, ४, ८ अशा गोल आकड्यांत असतील तर त्या शिफ्ट संपताना आठवून लिहिल्या आहेत असं समजा आणि निवडक वीस-पंचवीस कामं स्वतः घड्याळ लावून पाहा. तोच स्नॅग तीन सॉर्टीत तीनदा लिहिला असेल तर तो एकच बिघाड आणि दोन चुकलेली निदानं.

शिवाय प्रत्येक भागाला त्याचं स्वतःचं घड्याळ असतं. टायर आणि ब्रेक लँडिंग मोजतात, इंजिन तास आणि सायकल (चालू-बंदच्या फेऱ्या), काडतूस आणि रबर कॅलेंडर. बरेचसे स्नॅग तासांपेक्षा सॉर्टीवर अवलंबून असतात, चालू-बंद करण्यावर, तापण्या-थंड होण्यावर. म्हणून सॉर्टी सव्वा तासाची अडीच तासांची केली तर स्नॅग दुप्पट धरू नका. उलट आठवडाभर उभं राहिलेलं विमान पहिल्या दिवशी हमखास रुसतं. जून ते सप्टेंबर कनेक्टरमधली दमट हवा आपलं काम करते, तेव्हाचा ब्रेक रेट (किती सॉर्टी विमान खाली बसवणारा स्नॅग आणतात ते प्रमाण) निराळा काढा.

एवढं झाल्यावर सिम्युलेशन. अमेरिकी हवाई दल आणि रँड ही संशोधन संस्था यांनी साठच्या दशकात याच कामासाठी 'एलकॉम' नावाचं मॉडेल उभारलं, त्याची पद्धत आजही घेण्यासारखी आहे. तुम्ही पायथनमध्ये सिमपाय ही लायब्ररी वापरून छोटं मॉडेल बनवू शकता. प्रत्येक काम म्हणजे एक गाठ: किती शक्यता, किती वेळ, कोणता ट्रेड, किती जण, कोणतं साधन, कोणता भाग. विमान उतरतं, स्नॅग येतो की नाही ठरतं, निदान, काढणं, कोठार, घालणं, तपासणी, सही. निदान वेगळी गाठ ठेवा. एव्हिऑनिक्समध्ये, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांत, बहुतेक वेळ तिथेच जातो.

पहिली धाव अमर्याद माणसं, अमर्याद भाग देऊन घ्या आणि कुठल्या क्षणी कोण किती लागलं ते नुसतं नोंदवा. त्यातून ट्रेडवार कमाल मागणी कळते. मग एकेक ट्रेड आवळत जा, सॉर्टी पडायला लागेपर्यंत. एका वेळी एकच. सुरुवातीचे ३० दिवस फेकून द्या, कारण तेव्हा सगळी विमानं खोटीखोटी ठणठणीत असतात. किमान ३० वेगवेगळ्या धावा घ्या. गाइडना एक आकडा नेऊ नका: ५०, ५६, ६२, ६८, ७४ माणसांना किती सॉर्टी आणि किती टक्के विमानं तयार, याचा आलेख न्या, आणि त्याच कागदावर दुसरी रेघ काढा, पंपाची फेरी दोन महिन्यांची केली तर तो आलेख किती वर सरकतो त्याची.